वडीलधाऱ्यांचा मोटारप्रवास : सदलग्याहून निघणाऱ्या काही रम्य वाटा

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींनी आम्हांस सूचना केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे ज्वारी, तूर, हरभरा यांच्या पोत्यांचा सहवास, एवढ्या भांडवलावर लेखणी कोठवर चालणार? परंतु "बाजारभावावर लिहू नका, घरातील वयस्क माणसांना घेऊन तुम्ही जे प्रवास करता, त्यांविषयी लिहा," असे मंडळींनी सांगितले. तेव्हा मात्र नाही म्हणवेना. कारण या विषयातील आमचे ज्ञान पुस्तकातले नाही. ते एका मोठ्या चुकीतून आलेले आहे आणि ती चूक आपल्या समाजबांधवांच्या हातून पुन्हा होऊ नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

आपल्या सीमाभागातील व्यापारी कुटुंबांची स्थिती सर्वांस ठाऊक आहे. ऐन उमेदीची वर्षे दुकानात जातात. आज पेठेत आवक आहे, उद्या पट्टी करावयाची आहे, परवा वसुली आहे. "एकदा मुलांच्या हाती दुकान दिले की मग निवांत हिंडू," असे प्रत्येक जण म्हणतो. दुकान मुलांच्या हाती जाईपर्यंत गुडघे आपल्या हातून गेलेले असतात. हल्ली दारात मोटार आहे, रस्तेही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. पुण्याबंगळूरची मुले सुटीत आली की मोठ्या हौसेने आईवडिलांना गाडीत घालतात, चार दिवसांत सात ठिकाणे उरकतात आणि पाचव्या दिवशी आईवडील अंथरूण धरतात. "आता पुन्हा नको रे बाबा," असे ती वृद्ध माणसे जे म्हणतात, ते प्रवासाला कंटाळून म्हणत नाहीत. त्यांना प्रवास हवाच असतो. फक्त तो त्यांच्या शरीराच्या मापाने बेतलेला नसतो.

आमच्याही हातून असेच घडले. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरातील सारे अण्णा म्हणत, ते आमच्याहून बारा वर्षांनी वडील. दुकान त्यांनीच उभे केले. त्यांच्या मनात श्रवणबेळगोळला जावयाचे फार दिवसांपासून होते. तेथे गोमटेश्वराच्या पायथ्याशी मराठीतील अतिशय प्राचीन अशा शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे. तो आपल्या डोळ्यांनी पाहावयाचा, ही त्यांची इच्छा. २०१९ च्या डिसेंबरात आम्ही बेत केला. सदलग्याहून श्रवणबेळगोळ पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. ट्रक रात्री सुटला की सकाळी माल उतरतो, हा आमचा व्यापारी हिशेब. त्याच हिशेबाने आम्ही रात्री नऊला गाडी सोडली. वाटेत मुक्कामाचा खर्च कशाला, असाही एक क्षुद्र विचार मनात होता, तो येथे लपवीत नाही. अण्णा मागील आसनावर मध्यभागी, दोन्ही बाजूंस माणसे, पायांशी पिशव्या. लघुशंकेसाठी पुन्हापुन्हा गाडी थांबवावी लागू नये म्हणून त्यांनी सायंकाळपासून पाणीच घेतले नव्हते. आम्ही वाटेत दोनदा थांबलो, तेव्हा ते झोपेत आहेत असे समजून त्यांना उतरविले नाही.

सकाळी त्यांची डावी पोटरी सुजून दगडासारखी झालेली होती. विंध्यगिरीच्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या चढण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे डोली मिळते. पण अण्णांनी हसून, "जिवंतपणी चौघांच्या खांद्यांवर चढणार नाही," असे म्हणून ती नाकारली. आम्ही वर जाऊन आलो, ते खाली खोलीत पाय उशीवर ठेवून पडून राहिले. परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितले की पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर प्राणावरच बेतले असते. पुढे काही महिने रक्त पातळ ठेवण्याचे औषध घ्यावे लागले.

डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते येथे देतो, कारण ते प्रत्येक घरात ठाऊक असावे. पायांतील रक्त वर हृदयाकडे चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात आणि सैल पडतात, तेव्हा मोटेने विहिरीचे पाणी काढावे तसे रक्त वर ढकलले जाते. माणूस तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसला की मोट थांबते. त्यात वय झालेले, शरीरात पाण्याचा अंश कमी, जागा अडचणीची. मग संथ झालेल्या रक्ताची गुठळी होण्यास वेळ लागत नाही. म्हणून दर सव्वा-दीड तासाने गाडी थांबवावी, वयस्क माणसाला उतरवावे आणि पाच-दहा मिनिटे चालवावे. झोप लागली असेल तर उठवावे. बसल्या जागी पायांचे पंजे वर-खाली हलविण्याची सवय लावावी. पाणी तोडू नये. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे, ज्यांचे नुकतेच शस्त्रकर्म झाले आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा विचार घ्यावा.

पाणी तोडू नये, असे लिहिणे सोपे आहे. आपल्या घरातील वृद्ध स्त्रिया प्रवासात पाणी का पीत नाहीत, याचे कारण त्या बोलून दाखवीत नाहीत आणि पुरुषांच्या ते ध्यानात येत नाही. रस्त्यावर स्वच्छ शौचकूप मिळेल याची खात्री नसते आणि मिळालाच तर खाली बसून पुन्हा उठणे गुडघ्यांना शक्य नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीही अधिक होते. यावर आमचा उपाय असा. निघण्याच्या आधी वाटेतील थांबे ठरवून टाकावे. मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा बऱ्यापैकी उपाहारगृहात आम्ही प्रथम शौचकूप पाहतो, मग चहा सांगतो. उलट क्रमाने कधीच नाही. मध्यभागी भोक असलेली, घडी होणारी कमोडची खुर्ची बाजारात मिळते, ती गाडीच्या मागील भागात असतेच. गोळीची वेळ बदलावी काय हे डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने ती बंद करू नये.

दिवसाचा टप्पा किती असावा? सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, याहून अधिक नको. ऐकून तरुण मंडळी हसतात. परंतु आपल्या घरांतून सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा जो नियम आहे, तो पाळणाऱ्याला हा हिशेब आपोआप कळतो. सकाळी उन्हे आल्यावर निघावयाचे, दुपारी तीन-चारपर्यंत मुक्कामी पोहोचावयाचे, हातपाय धुऊन दिवस मावळण्याच्या आत जेवण उरकावयाचे. यात रात्रीचा प्रवास मुळातच बसत नाही. आपल्या भागात तर दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की सायंकाळी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर निघतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना दिवा असेल तर भाग्य. अंधारात अशा ट्रॉलीवर मागून आदळल्याच्या वार्ता आपण दर हंगामात ऐकतो. तेव्हा नियम धर्माचा म्हणून पाळा किंवा जिवाच्या भीतीने पाळा, पण अंधार पडण्याच्या आत गाडी उभी करा.

आता वाटांकडे वळू. दूरच्या प्रवासाची उडी एकदम घेऊ नये. प्रथम अर्ध्या दिवसाची रंगीत तालीम करावी. सदलग्याहून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर ही यासाठी फार सोयीची वाट आहे. दोन्ही बाजूंस ऊस, मध्येच नदीकाठची काळी माती, आणि कृष्णेच्या तीरावर शिलाहारकालीन कोपेश्वराचे मंदिर. तेथील स्वर्गमंडपाचे छत मधोमध वर्तुळाकार उघडे आहे आणि तो मंडप ४८ खांबांवर तोललेला आहे. यासाठी डोंगर चढावा लागत नाही. चौकटीची पायरी ओलांडताना कोणी हात धरला म्हणजे झाले. मंडपात खाली बसून वर आकाशाकडे पाहता येते. गावातच आपले प्राचीन जिनमंदिरही आहे. दुसरी तालीम कुंभोजच्या बाहुबलीची. तेथील २८ फूट उंचीची मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठापित झाली. या लहान प्रवासांत कोणाला गाडी लागते, कोणाची कंबर किती वेळ टिकते, कोणाला दर तासाला उतरावे लागते, हे सारे कळून येते. हा हिशेब हाती आल्यावाचून मोठा बेत करणे म्हणजे नमुना न पाहता गाडीभर माल घेण्यासारखे आहे.

आमची सर्वांत आवडती वाट आंबोलीची. २०२२ साली दसरा झाला आणि दिवाळीची गिऱ्हाइकी सुरू व्हावयाची होती, त्या मधल्या आठवड्यात अण्णांना घेऊन आम्ही ती केली. वहिनी, आमच्या सौभाग्यवती, गाडी चालविण्यास पुतण्या आणि आम्ही, असे पाच जण. अण्णा पुढील आसनावर. बेडकिहाळकडून निपाणी, तेथून महामार्गाने तवंदीचा घाट. घाटातच स्तवनिधी क्षेत्र आहे. तेथे दर्शन आणि पहिला थांबा. पुढे संकेश्वर. तेथे महामार्ग सोडून गडहिंग्लज-आजऱ्याच्या दिशेने वळावयाचे.

या वाटेची खरी गोडी नदीत आहे. हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते. म्हणजे संकेश्वरहून आंबोलीकडे जाणारा प्रवासी नदीच्या उलट दिशेने तिच्या मुळाकडे जात असतो. संकेश्वरला माळरान, मिरची आणि ऊस. गडहिंग्लज सोडले की टेकड्या जवळ येऊ लागतात. आजऱ्याच्या पुढे भाताची खाचरे, मग काजू, मग घनदाट झाडी. मातीचा रंग काळ्यावरून तांबडा होतो. आठ-दहा कोसांत पीक बदलते, घरांची छपरे बदलतात, बोलण्याचा हेल बदलतो. आम्ही धान्याचे व्यापारी असल्यामुळे आजऱ्याला आमचे पाऊल अडखळतेच. येथील घनसाळ तांदूळ सुवासाबद्दल प्रसिद्ध असून त्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अण्णांनी दुकानात शिरून मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, फुंकर मारली, वास घेतला आणि दुकानदाराशी अर्धा तास दराची चर्चा केली. घेतला पाच किलो. तो अर्धा तास आम्ही बेतात धरलेला नव्हता. पण त्या प्रवासातील तोच उत्तम थांबा ठरला. गावालगत रामतीर्थ येथे नदी खडकांवरून उड्या घेते. गाडी जवळपर्यंत जाते, मात्र खडक शेवाळलेले असतात, म्हणून वयस्क मंडळींनी मंदिराच्या बाजूनेच पाहावे.

सदलग्यापासून आंबोली सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आमच्या मापाने बरोबर एका दिवसाचा टप्पा. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर; त्यामुळे हवा विरळ होऊन दम लागेल, ही भीती नको. तेथे पाऊस मात्र अफाट पडतो, वर्षाकाठी सात हजार मिलीमीटरांच्या घरात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वृद्धांना घेऊन मुळीच जाऊ नये. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, दरड येते, शनिवार-रविवारी तरुणांची एवढी गर्दी लोटते की घाटात दोन-दोन तास वाहने खोळंबतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ योग्य. धबधब्यांत पाणी उरलेले असते आणि रान हिरवे असते. जाणे सोमवार ते गुरुवार यांपैकी असावे. आपल्या पेठेला सुटी कोणत्या वारी असते यावर बेत करू नये. मुख्य धबधबा घाटरस्त्याच्या अगदी कडेलाच कोसळतो. गाडीची काच खाली केली की तुषार अंगावर येतात. चालवत नसलेल्या माणसालाही निसर्गाचे एवढे वैभव बसल्या जागी पाहावयास मिळावे, अशी ठिकाणे फार थोडी. कावळेसादची दरीही पाहण्यासारखी आहे. तेथे वाऱ्याचा जोर असला की खाली पडणारे पाणी पुन्हा वर उडते. तेथे कठड्याच्या फार जवळ न जाता टोपी-कानपट्टी बांधून उभे राहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उगमावर गेलो. आंबोली गावापासून तो जवळच आहे. गाडी जेथे थांबते तेथून पुढे पायवाट. एका गुहेतून पाणी येते आणि कुंडात पडते. या कुंडात आढळणाऱ्या एका लहान माशाची नवी जात म्हणून २०२० साली शास्त्रीय नोंद झाली. तेथील लोक त्यास देवाचा मासा म्हणतात. पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने ही जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. अण्णा काठी टेकीत, तीनदा बसत तेथे पोहोचले. घडीची खुर्ची पुतण्याने बरोबर घेतली होती. पाण्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हीच का ती? हिनेच एका पावसाळ्यात आपला ट्रक संकेश्वरला तीन दिवस अडकवला होता." चाळीस वर्षे ज्या नदीचा पूल त्यांनी मालाच्या काळजीत ओलांडला, ती एवढीशी पाहून त्यांना हसू आवरेना. त्यांना इतके हसताना आम्ही दुकानात कधी पाहिले नव्हते.

आंबोलीहून खाली सावंतवाडीस उतरावे की नाही, याचा निर्णय गाडीतील माणसांची तब्येत पाहून करावा. घाटाची वळणे सुमारे तासाभराची. मोती तलावाचा काठ सपाट आणि फिरण्यास सुखाचा आहे, लाकडी खेळण्यांची जुनी कारागिरी तेथे आहे. नातवंडांसाठी खरेदी होते. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढील आसनावर बसवावे, दूरवर पाहण्यास सांगावे, मोबाइल हाती देऊ नये आणि निघण्यापूर्वी पोट फार भरलेले वा अगदी रिकामे नसावे. आले वर्ज्य असणाऱ्यांनी सुंठेची चिमूट जवळ ठेवावी. आमच्या सौभाग्यवतींना ती चांगली लागू पडते.

याच पाण्याचा दुसरा अवतार गोकाकला पाहावयास मिळतो. हिरण्यकेशीला पोटात घेऊन घटप्रभा तेथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. शेजारी एकोणिसाव्या शतकातील सूतगिरणी आणि झुलता पूल आहे. सदलग्याहून चिकोडीमार्गे सकाळी जाऊन सायंकाळी परत येता येते. पाऊसकाळ संपत आला की जावे. उन्हाळ्यात गेल्यास नुसता खडक दिसेल. झुलत्या पुलाचा आग्रह धरू नये.

आपली दूधगंगा कोठून येते, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? निपाणीहून मुरगूड, आदमापूर, मुदाळतिट्टा असा जो रस्ता राधानगरीकडे जातो, तो या दृष्टीने करावा. मुरगूडला वेदगंगा भेटते, जी पुढे भोजजवळ दूधगंगेस मिळते. आदमापूरला बाळूमामांचे स्थान. तेथे अमावास्येस प्रचंड यात्रा भरते, तो दिवस टाळावा. पुढे काळम्मावाडीस दूधगंगेवरील मोठे धरण आहे. सुमारे २५ अब्ज घनफूट पाणी साठविण्याची त्याची क्षमता असून त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचा वाटा आहे. आपल्या घाटावर उन्हाळ्यात जे पाणी दिसते ते येथून सुटलेले असते. जवळच राधानगरीचे लक्ष्मी तलाव हे धरण राजर्षी शाहू छत्रपतींच्या दूरदृष्टीचे स्मारक; त्याचे सात दरवाजे पाणी ठराविक पातळीला येताच आपोआप उघडतात. त्याच्याही पुढे दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य आणि मग फोंडाघाट. अभयारण्यातील आतला रस्ता कच्चा आणि हिसक्यांचा आहे. ज्यांच्या कंबरेचे मणके दुखावलेले आहेत त्यांनी मुख्य रस्त्यावरूनच रान पाहावे. ते काही कमी नाही.

दक्षिणेकडील मोठी फेरी, म्हणजे कारकळ, मूडबिद्री, वेणूर, धर्मस्थळ, ही किमान आठ दिवसांची समजावी. शिमोगा-तीर्थहळ्ळीकडून आगुंबे घाटाने उतरणे सर्वांत रम्य. या घाटास १४ तीव्र वळणे आहेत आणि सूर्यास्त पाहण्याची जागा रस्त्याच्या कडेलाच आहे, अर्थात जेवण आधी उरकलेले असावे. मूडबिद्रीचे १४३० सालचे सहस्रस्तंभ मंदिर आणि वेणूरची १६०४ सालची ३५ फुटी बाहुबलीची मूर्ती ही दोन्ही डोंगरावर नाहीत, हे गुडघेदुखी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कारकळची ४२ फुटी मूर्ती १४३२ सालची, ती टेकडीवर आहे. या फेरीविषयी सविस्तर लिहिण्यास आणखी एक लेख लागेल.

गाडीविषयी थोडेसे. उंच गाडी रस्त्यावर चांगली, पण वृद्धांना तिच्यात चढणे हाच एक घाट होऊन बसतो. आम्ही सुताराकडून सागवानी पाट करून घेतला आहे, आठ इंच उंच, वर रबर ठोकलेले. गाडी थांबली की प्रथम पाट उतरतो, मग माणूस. भाड्याची गाडी असेल तर तिच्याकडे दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना व कर भरल्याची पावती आहे काय, हे निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावे. आपली गावे सीमेवर. आंबोलीला जाताना राज्य बदलते आणि तपासणी नाक्यावर तासभर उन्हात उभे राहण्याचा प्रसंग आम्हांवर एकदा आलेला आहे. चालकास सायंकाळी मोकळे सोडावे आणि झोपण्यास बरी जागा द्यावी. त्याच्या झोपेवर पाच जीव अवलंबून असतात. मुक्कामाची खोली तळमजल्याची सांगावी आणि फोनवर "लिफ्ट आहे" एवढ्यावर समाधान मानू नये, लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत हेही विचारावे. औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवावी. मधुमेहाची गोळी वा सुई घेतल्यावर जेवणास उशीर झाला तर साखर एकाएकी उतरते, म्हणून खजूर, गूळ-शेंगदाणे हाताशी असावे. एकाशन किंवा उपवासाचे व्रत चालू असणाऱ्या मधुमेही व्यक्तीने प्रवासाचा दिवस निवडण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. शिदोरीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि घरचे गाळलेले पाणी. यास तोड नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आहे. हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून गाडीत चिकटवावे.

आंबोलीनंतर अण्णांनी आमच्याबरोबर आणखी तीन लहान प्रवास केले. २०२४ साली ते गेले. श्रवणबेळगोळचा तो शिलालेख पाहावयाचा राहिला तो राहिलाच. त्याचे छायाचित्र आम्ही आणले होते, ते त्यांच्या गादीशेजारी भिंतीवर अजून आहे.

वहिनींनी आता ऐंशीचा उंबरठा गाठला आहे. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. गेल्या महिन्यात त्यांनी आपणहून विचारले की, भाऊजी, आपल्या नदीचे धरण कसे असते? दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार ठरला आहे. सकाळी साडेसातला निघावयाचे, मुरगूडला पहिला थांबा, दुपारपर्यंत काळम्मावाडी, मुक्काम राधानगरीस, तळमजल्याची खोली सांगून ठेवली आहे. अण्णांच्या मापाचा पाट वहिनींना उंच पडतो, म्हणून सुताराकडून त्यास खाली चार इंचांची आणखी एक पायरी जोडून घेतली आहे.